आजोबांच्या डब्यातली चारमिनारवाली चांदीची नाणी घासून चकाचक करून विकावीत का?

अजिबात घासू नका राव! चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीच नको. काळपट पडलेला तो थरच गिऱ्हाईक बघतो, घासलं की बारीक ओरखडे भिंगाखाली लगेच दिसतात अन् ग्रेडिंगवाले, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवणाऱ्या कंपन्या, सरळ 'क्लीन्ड' (घासलेलं) लिहून मोकळे होतात, मग दर्जाचा 70 पैकी नंबरच मिळत नाही.

तुम्ही म्हणायलेत ती निजामाची हाली शिक्क्याची, म्हणजे हैदराबाद संस्थानाच्या स्वतःच्या चलनाची नाणी, आपल्या मराठवाड्यात घरोघरी निघतात, त्यामुळं सगळीच दुर्मिळ नसतात हे आधी डोक्यात घ्या. मजा बघण्यात आहे. चारमिनारच्या दारात उर्दू अक्षर असतं बघा, मीम असलं तर सहावा निजाम महबूब अली खान, ऐन असलं तर सातवा निजाम उस्मान अली खान, सालं हिजरी. एकदा हे वाचता यायला लागलं की संभाजीनगरच्या जुन्या बाजारात गेल्यावर दोन तास कुठं जातात कळत नाही.

वैताग म्हणजे नकली माल. रुपया असेल तर छोट्या काट्यावर टाका, वजन 11.2 ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे, इंग्रजांच्या 11.66 ग्रॅमच्या रुपयापेक्षा थोडं कमीच. अन् ग्रेडिंगचं म्हणाल तर साध्या नाण्याला फी, कुरिअर धरून नाण्यापेक्षा खर्च जास्त, कशाला? साल अन् प्रकार खरंच दुर्मिळ निघाला तरच पाठवा. तोवर कडेला धरून उचला अन् पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरवं चिकट धरतं.