अकरावीच्या केमिस्ट्रीला घाबरलेल्यांसाठी

दहावीला चांगले मार्क असूनही पहिल्या चाचणीत गडगडलास, म्हणून लगेच विषय सोडायचा विचार करू नकोस. अकरावीत हे बऱ्याच जणांचं होतं, आणि बहुतेकदा कारण एकच असतं: मोल (अणू-रेणू मोजायचं एकक) कच्चा राहिलेला असतो.

सध्या फक्त तेवढंच धर. १८ ग्रॅम पाणी म्हणजे १ मोल, म्हणजेच ६.०२२ × १०²³ रेणू. आता ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घे. पाणी किती बनेल? २० ग्रॅम म्हणालास तर फसलास. ऑक्सिजन आधी संपतो, पाणी १८ ग्रॅमच बनतं आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. हे गणित पुस्तक मिटून, कागदावर, स्वतःला पटेपर्यंत कर. पुढचं निम्मं भय तिथेच जातं.

नेहमीच्या चुका:
- समीकरण संतुलित न करताच आकडेमोड सुरू करणं.
- एकक न लिहिणं. ग्रॅम की मोल, प्रत्येक ओळीत लिही.
- क्लासच्या सीईटीच्या प्रश्नसंचात पहिल्याच महिन्यात उडी मारणं. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं आधी.

पहिली २० मूलद्रव्यं आणि त्यांच्या संयुजा (एक अणू किती बंध जोडू शकतो तो आकडा) मात्र पाठच हव्यात; कॉलेजला जाता-येता लोकलमध्ये होऊन जातात. ऑरगॅनिकची (कार्बनच्या संयुगांच्या भागाची) काळजी आत्ता नको. प्रॅक्टिकल बुडवू नकोस, बारावीला बोर्डाचे ३० मार्क तिथे आहेत. पुढच्या वेळी अडलेलं गणित पायऱ्यांसकट लिहून पाठव, नेमकं कुठे अडतंय ते बघू.