स्वीडनमधील शाळा, श्रेणी आणि आपली मुले

आपली मुलगी चौथीत आणि मुलगा सातवीत आहे, येत्या ऑगस्टमध्ये आपण पुण्याहून गोटेबर्गला येणार आहात, आणि येथे लहान वर्गांत गुण देत नाहीत हे ऐकून मुले मागे पडतील की काय, अशी काळजी आपण कळवली आहे. दोन्ही मुलांसाठी उत्तर वेगळे आहे, म्हणून विस्ताराने लिहितो.

येथे श्रेणी सहावीपासून मिळते. २०१२ पूर्वी ती आठवीपासून मिळत असे. २०२१ पासून मुख्याध्यापकांनी ठरवल्यास चौथीपासूनही देता येते, तेव्हा आपल्या शाळेचे धोरण प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावे. येथे मूल सातव्या वर्षी पहिलीत जाते, त्यामुळे आपली मुलगी वयानुसार बहुधा पुन्हा चौथीतच बसेल. तो तिचा कमीपणा समजू नये.

श्रेणी नाही म्हणजे मूल्यमापन नाही, असे मात्र नव्हे. दर सत्रात शिक्षक, पालक आणि स्वतः मूल एकत्र बसून मूल कुठवर आले आहे आणि पुढे काय करायचे आहे, यावर बोलतात. शिवाय श्रेणी नसलेल्या पहिली ते पाचवीच्या वर्गांत शिक्षक वर्षातून एकदा ही योजना लेखी देतात. या कागदावर ‘अपूर्णांकांची तुलना करताना अडखळते’ यासारखे एखादे वाक्य असेल, तर ते शंभरपैकी बासष्ट या आकड्यापेक्षा मला कितीतरी उपयोगी वाटते, कारण त्यावर घरी लगेच काम करता येते.

यामागे अनुभवाचा आधारही आहे. १९६९ ते १९८२ या काळात मधल्या वर्गांत श्रेणी द्यायची की नाही, हे येथील नगरपालिका स्वतः ठरवत होत्या. त्या काळातील विद्यार्थ्यांची तुलना गोटेबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी केली, तेव्हा सहावीत श्रेणी मिळालेली अभ्यासात कच्ची मुले, तशाच पण श्रेणी न मिळालेल्या मुलांपेक्षा पुढच्या वर्गांत मागे राहिलेली दिसली. (काही गटांना श्रेणीचा लाभ झाल्याचेही दुसऱ्या एका अभ्यासात आढळले आहे, म्हणून हा नियम सरसकट लावू नये.) इस्रायलमध्ये शिक्षण-मानसशास्त्रज्ञ रूथ बटलर यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांना केवळ लेखी अभिप्राय मिळाला त्या मुलांची गोडी आणि कामगिरी वाढली, पण अभिप्रायासोबत गुणही दिल्यावर तो लाभ नाहीसा झाला. म्हणून मुलीसाठी घरी वेगळी परीक्षा घेऊन गुण देण्याची पद्धत सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुलाचे प्रकरण अधिक नाजूक आहे. तो बहुधा सातवीत बसेल आणि त्याला पहिल्याच सत्रापासून ए ते एफ श्रेणी मिळू लागेल. ए म्हणजे २० गुणांक, ई म्हणजे १०, आणि एफ म्हणजे अनुत्तीर्ण, शून्य. नववीच्या शेवटी सर्वोत्तम १६ विषयांच्या गुणांकांची बेरीज होते आणि तिच्यावर जिम्नासियममधील, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारख्या टप्प्यातील, प्रवेश ठरतो. विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाखांसाठी स्वीडिश किंवा दुसरी भाषा म्हणून स्वीडिश, इंग्रजी आणि गणित धरून बारा विषयांत उत्तीर्ण असावे लागते. याचा अर्थ गणितात हुशार असलेला मुलगाही केवळ भाषेमुळे अडू शकतो, कारण इतिहास आणि समाजशास्त्राची उत्तरेही स्वीडिशमध्येच लिहायची असतात. पूर्वी एका निकषात कमी पडले तरी पूर्ण विषयाची श्रेणी खाली येत असे. २०२२ पासून शिक्षक सर्व कामगिरीचा एकत्रित विचार करतात, याचा नवागत मुलांना उपयोग होऊ शकतो.

आल्यावर पहिल्या दोन महिन्यांत शाळेने त्याच्या पूर्वज्ञानाची चाचपणी करणे अपेक्षित असते. त्या बैठकीत भारतातील सातवीची पुस्तके आणि वह्या दाखवाव्यात, म्हणजे त्याला येणारे बीजगणित भाषेअभावी झाकले जाणार नाही. त्याच वेळी मराठीतून अभ्यास-मार्गदर्शन मिळेल का, हे विचारावे. मराठी मातृभाषा म्हणून शिकवण्यासाठी नगरपालिकेकडे किमान पाच विद्यार्थ्यांची मागणी आणि योग्य शिक्षक असावा लागतो, म्हणून येथील इतर मराठी पालकांशी येण्यापूर्वीच संपर्क साधावा.