अंगणात पेव्हर ब्लॉक घालताना जोत्यातल्या जाळ्या बुजवल्या तर चालतील का?

बुजवू नका. ठेकेदाराला आजच फोन करा आणि काम दोन दिवस थांबवायला सांगा.

तुम्ही लिहिलंय की घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आहे, आजोबांच्या काळातलं आहे आणि माजघराखाली तळघर आहे. गल्लीतला रस्ता वर आल्यामुळं पावसाचं पाणी अंगणात शिरतं, म्हणून अंगण सहा इंच उचलून ब्लॉक घालायचेत, आणि त्यात जोत्यातल्या, तळघराला हवा देणाऱ्या जाळ्या झाकल्या जातात. ठेकेदार म्हणतो, तळघर तसंही कोण वापरतंय, सिमेंटनं बंद करू, उंदीर पण थांबतील. जवळजवळ हेच शब्द मी २०१७ च्या उन्हाळ्यात ऐकले होते आणि मान डोलावली होती. म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

आमचं घर शिवाजी पेठेतलं. तळघरात सासरे गुळाचे रवे आणि जोंधळ्याची पोती ठेवायचे. तळघराचं छत म्हणजेच माजघराची जमीन: सागवानी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर मुरूम नि कोबा, वर शहाबादी फरशी. जोत्यात बिडाच्या चार जाळ्या, दोन अंगणाकडं आणि दोन परड्याकडं. दसरा काढताना सासूबाई खराट्याची काडी घेऊन बाहेरून एकेका भोकात घालायच्या, कोळिष्टकं आणि माती ओढून काढायच्या. "घराला श्वास घेऊ दे," म्हणायच्या. त्या गेल्यावर ते काम कुणी केलं नाही, आणि ब्लॉक घातल्यावर करण्यासारखं राहिलंही नाही. अंगणाकडच्या दोन जाळ्या ब्लॉकखाली गेल्या. मागच्या दोन उघड्या आहेत की, अशी आम्ही समजूत करून घेतली. पण हवा एका बाजूनं आत येऊन दुसऱ्या बाजूनं बाहेर पडली तरच वाहते. एकाच भिंतीची भोकं उघडी असून फारसा उपयोग होत नाही.

पहिल्या वर्षी काहीही झालं नाही. दुसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आधी माजघरात कुबट वास यायला लागला आणि देवघराच्या कोपऱ्यातली फरशी पायाखाली पोकळ वाजायला लागली. सुतार बॅटरी घेऊन खाली उतरला. तुळईचं टोक जिथं अंगणाकडच्या भिंतीत शिरतं तिथं त्यानं स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा त्याला ओल्या भुशासारखं लाकूड चिकटलेलं होतं. मधल्या भागात तीच तुळई ठणठणीत होती, ठोकली तर वाजत होती. कुजतं ते टोक, कारण ते दगडमातीच्या भिंतीत बसलेलं असतं आणि भिंतीची ओल पीत राहतं.

लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या आत राहिला तर त्याला कुजवणारी बुरशी वाढत नाही. त्याच्या वर सतत राहिला की धोका सुरू होतो, आणि वाळवीलाही ओल आवडते. तळघराच्या जमिनीतून आणि भिंतीतून ओल येतच असते, ती बाहेर जायची वाट म्हणजे या जाळ्या. आता आपल्याकडं जून ते सप्टेंबर बाहेरचीच हवा इतकी दमट असते की जाळ्या उघड्या असल्या तरी तळघर फारसं सुकत नाही. त्यांचं खरं काम सुरू होतं दसऱ्यानंतर. पावसाळ्यात लाकडानं जे पाणी पिलेलं असतं ते दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत हळूहळू बाहेर जातं. वाट बंद असली की न सुकलेल्या लाकडावर पुढचा पावसाळा येतो. पहिल्या वर्षी काही दिसत नाही ते यामुळंच.

आता तुमचं अंगण. आधी टेप घेऊन जाळीच्या खालच्या कडेपासून आजच्या जमिनीपर्यंत मोजा. काम झाल्यावर जाळीखाली किमान सहा इंच मोकळे राहिले पाहिजेत, कारण फरशीवर आपटलेलं पावसाचं पाणी साधारण तेवढं उडतं. ब्लॉक ६० मिलिमीटरचा, चारचाकी लावणार असाल तर ८० चा. त्याखाली दीड इंच ग्रीट म्हणजे बारीक कच, त्याखाली दाबलेली खडी किंवा मुरूम चार इंच. म्हणजे आठ इंच तरी झाले. हे आठ इंच खाली खोदून बसवले तर अंगणाची पातळी बदलत नाही. ठेकेदार आहे त्या कोब्यावरच ब्लॉक मांडतात, कारण खोदाई आणि राडारोडा उचलायचा खर्च वाचतो. खोदाई कोटेशनमध्ये लिहून घ्या.

रस्त्याचं पाणी अडवायचं असेल तर ते फाटकातच अडवा. तिथं गाडी चढेल असा उंचवटा करा आणि अंगणाला घरापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या. गटारच तुमच्या अंगणापेक्षा वर असेल आणि उचलण्याशिवाय गत्यंतर नसेल, तर उचला, पण भिंतीलगत चर सोडा. आम्ही शेवटी तेच केलं. भिंतीलगतची फूटभर पट्टी उखडली, जाळीच्या खाली सहा इंच जाईल इतकी खोल केली, तळाला काँक्रीट, एका टोकाकडं उतार आणि तिथून चार इंची पाइप परड्यातल्या गटारात. वर लोखंडी जाळीचे तीन तुकडे, एका माणसाला उचलता येतील असे. पाइप विसरला तर त्या चराचा हौद होतो आणि सगळं पाणी जाळीतून तळघरात उतरतं. मृगाच्या आधी एकदा पालापाचोळा काढावा लागतो.

चराला जागाच नसेल तर जाळीच्या भोकातून चार इंची पीव्हीसी पाइप बाहेर काढून एल्बो लावून भिंतीलगत वर न्यायचा, तोंडाला टोपी आणि जाळी. ब्रिटनमध्ये लाकडी जमिनीची घरं खूप, तिथल्या बांधकाम नियमांत भिंतीच्या दर मीटरला १५०० चौरस मिलिमीटर उघडी जागा सांगितली आहे, समोरासमोरच्या भिंतींत. दहा मीटरच्या भिंतीला १५० चौरस सेंटिमीटर होतात. चार इंची पाइपचं तोंड साधारण ८० चौरस सेंटिमीटरचं असतं, म्हणजे एका भिंतीला दोन पाइप. टोपीची जाळी थोडी जागा खाते, तेव्हा तीन घातले तर उत्तमच. तरी मला चर जास्त आवडतो, कारण आत काय चाललंय ते दिसतं.

उंदरांसाठी आतून पाव इंचाची मजबूत लोखंडी जाळी बसवा. डासांची बारीक जाळी नको, ती धुळीनं वर्षभरात चोंदते.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण स्वयंपाकघराच्या भिंतीत जमिनीलगत भोक आहे का ते पाहा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीवर पसरतो आणि खालच्या झरोक्यातूनच बाहेर जातो. ते भोक ब्लॉकखाली गेलं तर धोका लाकूड कुजण्यासारखा वर्षांनी येत नाही, लगेचच असतो. ते कुठल्याही परिस्थितीत उघडं ठेवा. आणि तो गॅस तळघरातही उतरू शकतो, म्हणून सिलिंडर तळघराच्या जिन्याजवळ असेल तर आजच हलवा.

२०१९ किंवा २०२१ च्या पुरात तुमच्याकडं पाणी आलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आलं असेल तर ब्लॉकच्या आधी सुताराला तळघरात न्या आणि अंगणाकडच्या प्रत्येक तुळईचं टोक टोचून बघायला सांगा. एखादं मऊ लागलं तर त्याखाली लोखंडी चॅनेलचा आधार देता येतो. आमच्या दोन तुळयांना तसाच दिलाय. ते काम अंगण उकरलेलं असतानाच करा, नाहीतर नवे ब्लॉक पुन्हा उखडावे लागतात. आम्हाला लागले.