श्वानपैदास : जोडधंदा की पूर्णवेळ व्यवसाय? जत तालुक्यातील एका पालकांच्या पत्रास उत्तर

सप्रेम नमस्कार.

बारावी विज्ञान शाखेत शिकणारा आपला मुलगा परीक्षेनंतर शिक्षण थांबवून शेतावर जातिवंत कुत्र्यांची पैदास करू इच्छितो, त्यासाठी कारवान या, दख्खनच्या उष्ण हवेत रुळलेल्या देशी शिकारी जातीच्या चार माद्या घेण्यास त्याने भांडवल मागितले आहे, आणि या धंद्यावर संसार चालेल का, असे आपण विचारले आहे. केवळ पैदाशीवर अवलंबून राहण्याचा बेत त्याने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या धंद्यातील उत्पन्नाला भाव ठरण्याआधीच मर्यादा पडलेली असते. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार ब्रीडरने, म्हणजे पैदास करणाऱ्याने, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत आणि आठ वर्षांची झाल्यानंतर तिच्यापासून पिल्ले घेता येत नाहीत, लागोपाठच्या दोन माजांना (प्रजननकाळांना) तिला नर लावता येत नाही आणि तिच्या आयुष्यात पाचपेक्षा अधिक वेते घेता येत नाहीत. त्यातच गाभणकाळ सुमारे ६३ दिवसांचा, आणि गिऱ्हाईक दारात उभे असले तरी आठ आठवडे पूर्ण होण्याआधी पिल्लू विकण्यास मनाई. तोवरचा खुराक, जंतनाशके व लसी यांचा खर्च मालकाचाच असतो. शिवाय पार्वो या विषाणूजन्य रोगाची साथ शिरली, तर आठवडाभरात अख्खे वेत हातचे जाऊ शकते. हा हिशेब मुलाला स्वतः कागदावर मांडायला सांगावा.

जातीची निवड मात्र त्याने समजून केली आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हस्कीसारखे थंड प्रदेशातील कुत्रे आणून खोलीत दिवसभर एसी चालवणाऱ्या हौशी मंडळींपेक्षा त्याची जाण नक्कीच अधिक आहे. तरीही एकाच मालकाकडच्या चार माद्या बहुधा एकमेकींच्या बहिणी किंवा मायलेकी असतात, आणि त्यांना त्याच घरचा नर लावला की नात्यातील संकरामुळे वंशातील दोष पिल्लांत उतरतात. म्हणून प्रथम एकच मादी घ्यावी, आणि तिच्या आईवडिलांची केनेल क्लब ऑफ इंडिया या जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडील वंशावळीची कागदपत्रे पाहूनच घ्यावी. कर्नाटकातील मुधोळजवळील थिम्मापूर येथे बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे. खरेदीआधी मुलाने तेथे जाऊन जनावराची पारख शिकावी.

शिक्षण सोडण्याचे कारण मला दिसत नाही. त्याने जीवशास्त्र घेतले असेल, तर ‘नीट’ (NEET) ही प्रवेश परीक्षा देऊन पशुवैद्यकीय पदवीसाठी प्रयत्न करावा. साताऱ्यातील शिरवळ येथे शासकीय महाविद्यालय असून आंतरवासितेसह हा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. तेथे प्रवेश न मिळाल्यास कृषी किंवा प्राणिशास्त्राची पदवी घेत, सुटीत एखाद्या पशुवैद्यकाच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करावे. मादीचे पहिले वेत निभावण्यापुरते भांडवल आपण अवश्य द्यावे. पुढील माद्यांचा विचार त्या वेताचा प्रत्यक्ष जमाखर्च पाहिल्यावर करता येईल.