काकूंच्या ‘आम्ही’त तू होतीस

चि. लेकीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. रविवारी संध्याकाळी शेजारच्या कन्नड काकू ‘उद्या सकाळी आम्ही कपिलेश्वराला जाऊ’ असे सांगून गेल्या, त्या ‘आम्ही’त आपण नाही असे समजून श्रावणी सोमवारी तू तयारच झाली नाहीस, आणि त्या मात्र भर पावसात छत्री धरून फाटकाशी तुझी वाट पाहत उभ्या राहिल्या, हे वाचून मलाही वाईट वाटले. त्यापुढे तू विचारले आहेस, ‘बाबा, इथे बेळगावात माणसे बोलतात एक आणि अर्थ दुसराच का असतो?’ पुराव्यादाखल तू आणखी तीन गोष्टी लिहिल्या आहेस : जाणारी माणसे ‘येतो’ म्हणतात, भूक लागलेली माणसे ‘नको’ म्हणतात, आणि शहापुरातील दुकानदाराने ‘दुकान वाढवले’ असे सांगितले तेव्हा दुकान मोठे झालेले नव्हते, बंद झालेले होते.

मस्कतमध्ये घरात तिघेच असताना आपण जे मराठी बोललो, त्यात असे प्रसंग फारसे आलेच नाहीत, म्हणून हे तुला सांगायचे राहून गेले. ती उणीव माझी आहे.

आजी उपवासाला जे शेंदेलोण वापरते त्याचे संस्कृत नाव सैंधव, म्हणजे सिंधू देशातले. पण त्याच देशाचे घोडेही नावाजलेले असल्यामुळे घोड्यालाही सैंधवच म्हणत. ‘सैंधव आण’ असे कोणी म्हणाले तर काय आणायचे, हे आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांचे आवडते उदाहरण आहे. जेवायला बसलेल्या माणसाला मीठ हवे असते आणि प्रवासाला निघालेल्याला घोडा. शब्द तोच राहतो, निवाडा प्रसंग करतो. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट यांनी याच्याही पुढचे उदाहरण दिले आहे. ‘सूर्य मावळला’ या वाक्यात एकही अवघड शब्द नाही, तरीही ते ऐकून गुराखी गुरे घराकडे वळवायची असे समजतो, कामकरी काम थांबवायचे असे समजतो, संध्या करणारा आसनाकडे वळतो आणि दुकानदार मांडलेला माल आवरू लागतो. शब्दांच्या पलीकडून येणाऱ्या या अर्थाला त्यांनी व्यंजना या शक्तीचे काम मानले.

तुझा दुकानदारही माल आवरतच होता. मात्र ‘बंद केले’ हे शब्द धंद्यासाठी अशुभ वाटतात, म्हणून जुनी माणसे ‘वाढवले’ म्हणतात. हाताची बांगडी फुटली तरी ती ‘वाढवली’, देवापुढे फोडलेला नारळही ‘वाढवला’. आणि पंगतीत भात वाढतात तेव्हा त्या शब्दात शुभाशुभाचा विचारही नसतो. आजी एकाच सकाळी तुला ‘आजोबांना भात वाढ’ आणि ‘जपून, बांगडी वाढवशील’ असे म्हणाली, तर पहिले करायचे आणि दुसरे टाळायचे, हे शब्दकोश उघडून कळणार नाही. तिच्या हातात पळी आहे की तुझ्या हातात पाट्याचा वरवंटा, हे पाहूनच कळेल.

‘येतो’चेही तसेच आहे. उंबऱ्यावरून ‘जातो’ म्हणणे म्हणजे कायमचे जाण्याचा शब्द उच्चारणे, म्हणून जाणारा माणूस परत येण्याचे बोलून निघतो. काकू त्यांच्या माहेरच्या माणसांना निरोप देताना नीट ऐक : तेही ‘होगि बर्तीनी’, जाऊन येतो, असेच म्हणतात. या बाबतीत बेळगावच्या दोन्ही भाषा एकाच रीतीने वागतात.

‘नको’ मात्र थोडे शिकावे लागेल. पहिले ‘नको’ हे यजमानाला तोशीस पडू नये म्हणून असते. त्यावर आपल्या भागात ‘घे की’ असे म्हणतात. त्यातला ‘की’ आज्ञेला आग्रह करतो. ‘बस’ आणि ‘बस की’ यांतला फरक तू आजीच्या आवाजात ऐकलाच असशील. खरे ‘नको’ बहुधा कारण घेऊन येते, ‘आज एकादशी आहे’ असे, किंवा माणूस ताटावर हात आडवा धरतो. तेव्हा मात्र वाढू नये. तो आग्रह राहत नाही, त्रास होतो.

पाश्चात्त्य देशांत पॉल ग्राइस या तत्त्वज्ञांनी १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठातील व्याख्यानांत याची उपपत्ती मांडली. बोलणारा आपल्याला सहकार्य करीत आहे, असे ऐकणारा धरून चालतो. म्हणून शब्द प्रसंगाशी जुळले नाहीत तर तो बोलणाऱ्याला खोटे ठरवत नाही, जुळेल असा अर्थ शोधतो. बेळगावात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा येथे मस्कतमध्ये साडेसहा झालेले असतात, हे आजीला पक्के ठाऊक आहे, आणि तरीही ती दररोज फोनवर मला विचारते, ‘जेवलास काय?’ साडेसहाला मी जेवलेला नसतो. मी ‘हो’ म्हणतो आणि तिला झोप लागते.

आता काकूंचे ‘आम्ही’. मराठीत ‘आम्ही जाऊ’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण जाऊ’ म्हटले की तो आत येतो. तू हा भेद बरोबर ओळखलास, म्हणूनच दुखावलीस. परंतु काकूंच्या कन्नडमध्ये दोन्हींसाठी ‘नावु’ हा एकच शब्द आहे. त्यांनी मनात ‘नावु’ म्हटले, त्याचे मराठी ‘आम्ही’ केले, आणि त्यांच्या मनातल्या शब्दात तू पहिल्यापासून होतीस. तेव्हा सीमेवरच्या गावात प्रसंग, बोलणारा आणि त्याच्याशी असलेले नाते यांच्याबरोबरच आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे समोरच्या माणसाच्या घरात कोणती भाषा बोलली जाते. तुझ्याकडूनही कन्नडमध्ये अशा चुका होतील, आणि काकू त्यांचा अर्थ तुझ्या बाजूने लावतील, अशी माझी खात्री आहे.

‘नावु’मध्ये जे कळत नाही ते कन्नड क्रियापद सांगते. ‘होगोण’ म्हणजे ‘जाऊया’, आणि त्यात ऐकणाराही येतो. पुढच्या रविवारी तू स्वतः त्यांच्या दारात जा आणि ‘नाळे होगोण?’ असे विचार. नाळे म्हणजे उद्या. बेलाची पाने आदल्या रात्रीच निवडून ठेव, आणि या वेळी छत्री तू धर.

तुझे
बाबा