ध्रुवाकडे जाताना जहाज लहान निवडावे

प्रश्न : आम्ही दोघे सहकारनगरमध्ये राहतो. यजमान ६७ वर्षांचे आहेत, मी ६३ वर्षांची. राणीच्या बागेत पेंग्विन पाहताना नातवाने विचारले, की यांचे बर्फ कुठे आहे? तेव्हापासून बर्फातले पेंग्विन आणि पांढरी अस्वले एकदा प्रत्यक्ष पाहावीत, असे आमच्या मनाने घेतले आहे. दोन्ही एकाच सफरीत दिसतील का? कोणत्या महिन्यात जावे आणि जहाज कसे निवडावे? यजमानांचे गुडघे दुखतात, ते त्यांना झेपेल का? आणि आपल्या जाण्याने तिथल्या प्राण्यांना त्रास होत असेल, तर मुळात जावे का?
— एक वाचिका, सहकारनगर

उत्तर : दोन्ही एका सफरीत दिसणार नाहीत. पांढरी अस्वले केवळ उत्तरेकडील आर्क्टिकमध्ये राहतात आणि बर्फातले पेंग्विन दक्षिणेकडील अंटार्क्टिकावर. राणीच्या बागेतले हम्बोल्ट पेंग्विन मूळचे पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे असल्याने त्यांचा बर्फाशी संबंधच नाही.

अस्वलांची ओढ अधिक असेल, तर उन्हाळ्यात नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहाकडे जावे. तिथे १ जानेवारी २०२५ पासून अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि मार्च ते जून या काळात ५०० मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे, त्यामुळे चांगली दुर्बीण हवीच. स्वालबार्ड शेंगेन या, एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या क्षेत्राबाहेर आहे. नॉर्वेमार्गे जाऊन परत येताना शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा घ्यावा.

तुमच्या पत्रावरून मात्र मन पेंग्विनांकडे झुकलेले दिसते, म्हणून पुढचे सारे अंटार्क्टिकाविषयी लिहिते. बहुतेक जहाजे अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उशुआइया बंदरातून सुटतात आणि सुमारे ८०० किलोमीटर रुंदीची ड्रेक सामुद्रधुनी ओलांडून अंटार्क्टिक द्वीपकल्पाला पोहोचतात. या ओलांडणीत जाताना दोन आणि येताना दोन दिवस जातात, म्हणजे दहा दिवसांच्या सफरीत प्रत्यक्ष बर्फाजवळ पाच-सहा दिवसच मिळतात. ते कसे जातील हे केबिनच्या थाटावर नव्हे, तर जहाजातल्या माणसांच्या संख्येवर ठरते. तिथे सफरी नेणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेचा नियम असा आहे, की एका ठिकाणी एका वेळी शंभराहून अधिक प्रवासी किनाऱ्यावर उतरू शकत नाहीत, आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजातून तर कोणालाच उतरता येत नाही. शंभर प्रवाशांच्या जहाजात सर्व जण एकदम उतरतात; चारशेंच्या जहाजात मात्र पाळ्या लागतात आणि आपला बराच वेळ डेकवर वाट पाहण्यात जातो. स्वस्त पडते म्हणून मोठ्या जहाजाचे आरक्षण करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. विमानप्रवास धरून माणशी आठ-दहा लाखांच्या आत हा हिशेब क्वचितच बसतो. एवढी पदरमोड करायची, तर ती किनाऱ्यावर पाय ठेवण्यासाठी करावी.

किनाऱ्यावरचा निवांत वेळ का हवा, ते एका प्रसंगावरून सांगते. क्युव्हरव्हिल बेटावर जेंटू पेंग्विनांची मोठी वसाहत आहे. उतरल्यावर पहिली दहा मिनिटे सर्व जण फोटो काढत होते आणि विष्ठेच्या उग्र वासाने नाक दाबत होते. क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या जिवांवर पोसल्यामुळे ती विष्ठा गुलाबी असते आणि बर्फावर तिचे पाट दिसतात. मग एका जागी उभे राहिल्यावर दिसू लागले, की एक पेंग्विन शेजाऱ्याच्या घरट्यातला सुपारीएवढा खडा चोचीत उचलतो, पाठ वळवून चालू लागतो, आपल्या जोडीदारासमोर तो ठेवतो आणि मान लववतो. तेवढ्यात तिसराच येऊन त्याच्या घरट्यातला खडा पळवतो. पाच मीटर अंतर आपण राखायचे असते, पेंग्विनाला तो नियम लागू नाही. एक जण माझ्या बुटापर्यंत येऊन रबर चोचीने तपासून गेला. पाळी संपल्याची हाक वीस मिनिटांत आली असती, तर यातले काहीच दिसले नसते.

महिन्याचे म्हणाल, तर नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरे असते आणि घरटी बांधली जात असतात, डिसेंबरअखेर ते जानेवारीत पिल्ले अंड्यांतून बाहेर येतात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये हम्पबॅक देवमासे भरपूर दिसतात. नातवाला सांगण्यासारखे सर्वाधिक जानेवारीत मिळेल. थंडीची फार धास्ती घेऊ नये, त्या दिवसांत तापमान शून्याच्या आसपास असते. वारा मात्र बोचरा असतो. छापील कार्यक्रमावर विसंबू नये. आमचे जहाज लेमेयर सामुद्रधुनीच्या तोंडापर्यंत गेले आणि आत हिमखंड दाटल्याने माघारी वळले. त्या संध्याकाळी इंजिन बंद ठेवून आम्ही सगळे डेकवर उभे राहिलो, तेव्हा पाण्यात तरंगणाऱ्या बर्फातून चुरचुर असा आवाज येत होता. शेकडो वर्षे दाबाखाली कोंडलेल्या हवेचे बुडबुडे बर्फ वितळताना फुटतात, त्याचा तो आवाज होता.

गुडघ्यांविषयी स्पष्ट लिहिते. जहाजातून हवा भरलेल्या रबरी बोटीत उतरावे लागते, आणि बोटीतून बहुधा घोटाभर पाण्यात. खलाशी मनगटाला धरून आधार देतात, तरी हलत्या पायरीवर तोल सांभाळता आला पाहिजे. पर्वतीच्या पायऱ्या आधार न घेता सावकाश चढता-उतरता येत असतील, तर यजमानांना हे जमेल. ड्रेकमध्ये बोट लागण्याची शक्यता मोठी असते, म्हणून गोळ्या आधीच डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, विशेषतः रक्तदाबाची औषधे चालू असतील तर. तिथून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च भरून देणारा विमा नसेल, तर जाऊ नये.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार जहाजांच्या काजळीमुळे एका पर्यटकामागे सुमारे ८३ टन बर्फ लवकर वितळते. फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर बर्ड फ्लूही आढळला, त्यामुळे आता किनाऱ्यावर बसणे, गुडघे टेकणे किंवा पिशवी जमिनीवर ठेवणे वर्ज्य आहे. तेव्हा त्रास होतो, हे खरे आहे. तरीही आयुष्यात एकदा, लहान जहाजाने आणि नियम मनापासून पाळून जाणाऱ्याला मी नको म्हणणार नाही. केवळ सातवा खंड पाहिला असे म्हणण्यासाठी जाणाऱ्याला मात्र नको म्हणेन. निघण्यापूर्वी घरीच जाकिटांचे खिसे आणि वेल्क्रोच्या पट्ट्या चिमट्याने साफ कराव्यात. तळजाईवर फिरताना चिकटलेले गवताचे बी तिथे पोहोचता कामा नये.

प्रश्न : अशा सफरीत अंटार्क्टिकावरचे आपले मैत्री संशोधन केंद्र पाहता येते का?
— एक शिक्षक, चिंचवड

उत्तर : नाही. १९८९ पासून चालू असलेले मैत्री आणि २०१२ मध्ये सुरू झालेले भारती ही दोन्ही केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात, द्वीपकल्पापासून हजारो किलोमीटरवर आहेत. उत्तरेकडे मात्र संधी आहे. २००८ मध्ये सुरू झालेले हिमाद्री हे भारतीय केंद्र स्वालबार्डच्या न्यू-ओलेसुन वस्तीत आहे आणि काही जहाजे तिथे थांबतात. इमारत बाहेरूनच पाहावी लागते. वस्तीजवळ पोहोचण्यापूर्वीच फोनचे वायफाय आणि ब्लूटूथ बंद करायला सांगतात, कारण तिथल्या संवेदनशील उपकरणांना त्या लहरींचा अडथळा होतो.