कॉर्नहोल: फळी, पिशव्या आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या उन्हाळी खेळांवर लिहिताना कॉर्नहोलचा दोनच ओळीत उल्लेख केला होता, म्हणजे तिरकी ठेवलेली फळी, तिला वरच्या बाजूला भोक आणि लांबून त्यात टाकायच्या छोट्या पिशव्या, बस. पण त्या दोन ओळींवर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देतेय.

प्रश्न: मी नाशिकचा, वय ६९. मुलाकडे सिनसिनाटीजवळ सहा महिन्यांसाठी आलोय. शनिवार-रविवार इथे घरोघरी मागच्या अंगणात हाच खेळ चालू असतो. शेजारचे बोलावतात पण मी खुर्चीत बसून बघतो. खांदा थोडा दुखतो, इंग्रजीही अडखळतं. या वयात खेळावं का?

काका, खेळाच! आणि तुम्ही अगदी बरोबर ठिकाणी आहात, सिनसिनाटी आणि आजूबाजूचा ओहायो, केंटकी, इंडियानाचा पट्टा हे या खेळाचं माहेरघर आहे, टीव्हीवर यायच्या कितीतरी आधीपासून तिथली माणसं अंगणात हेच खेळत आलीयेत.

पिशवी ६ इंच बाय ६ इंचाची, वजन साधारण ४५० ग्रॅम, आणि ती डोक्यावरून फेकायची नसते, हात खालून झुलवत आणून सोडायची असते, त्यामुळे हात खांद्याच्या वर न्यावाच लागत नाही. तरी खांदा कशाने दुखतो ते डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. दोन फळ्यांमधलं खरं अंतर २७ फूट असतं, पण लहान मुलं असली की लोक फळ्या जवळ ओढतातच, तुम्ही पण सुरुवातीला १५ फुटांवरून टाका, कुणी काही म्हणत नाही. पिशवी गोळा करून भिरकावू नका, भाकरी तव्यावर जशी सपाट सोडतात तशी सोडा, थोडी गोल फिरत गेली की फळीवर पडून घसरत भोकाकडे जाते.

आता भाषेचं. दोन-दोनच्या जोडीने खेळताना तुमचा जोडीदार पलीकडच्या फळीपाशी असतो आणि तुमच्या शेजारी उभा असतो तो समोरच्या टीमचा माणूस. म्हणजे ज्याच्याशी कधी बोलणं झालं नाही त्या शेजाऱ्याच्या बाजूला तुम्ही आपसूक अर्धा तास उभे, आणि तेवढ्या वेळात आकडे, हातवारे आणि हसणं यावर सगळं भागतं. मुलांकडे आलेले आईवडील दिवसभर घरात एकटे, मुलगा-सून कामावर, गाडी चालवता येत नाही, हे मी इतक्या घरांत बघितलंय की मला या खेळाचं मनापासून कौतुक वाटतं. नातू, आजोबा आणि शेजारचा धिप्पाड तरुण एकाच डावात बरोबरीने खेळू शकतात असे खेळ फार थोडे आहेत. खुर्चीतून उठा काका.

प्रश्न: पंधरा वर्षांपूर्वी न्यू जर्सीत आलो तेव्हा हे कुठे दिसत नव्हतं, आता आमच्या मंडळाच्या पिकनिकला पण असतं. एकदम एवढं कसं वाढलं?

एकदम नाही वाढलं. फळीला भोक पाडून त्यात पिशव्या टाकायच्या खेळाचं एक पेटंट अमेरिकेत १८८३ सालचं आहे, फक्त त्यातलं भोक चौकोनी होतं. जर्मनीतला कुणी सुतार, कुणी आदिवासी जमात अशा जन्मकथा पण खूप फिरतात, त्यांना पुरावा नाही, सोडून द्या. आजचा खेळ पसरला तो अमेरिकन फुटबॉलच्या मॅचमुळे, स्टेडियमच्या पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून खाणं-पिणं चालतं तिथे वेळ घालवायला फळ्या आल्या, आणि तिथून त्या गावोगावी गेल्या. मग २००५ मध्ये ओहायोत अमेरिकन कॉर्नहोल ऑर्गनायझेशन आली, २०१५ मध्ये अमेरिकन कॉर्नहोल लीग सुरू झाली, ईएसपीएनवर मॅचेस दिसायला लागल्या. २०२० च्या करोनात मोठमोठे खेळ बंद होते तेव्हा टीव्हीवर लाईव्ह परत आलेल्या पहिल्या काही खेळांत हा होता, कारण खेळाडू मोजके, अंगाला अंग लागत नाही. घरात अडकलेल्या लोकांनी बघितलं आणि अंगणात मांडलं. पण माझ्या मते खरं कारण साधं आहे, हातात बशी धरूनसुद्धा हा खेळता येतो, आणि पाच मिनिटांत नवीन माणूस शिकतो.

प्रश्न: आमच्याकडे दर वेळी स्कोअरवरून भांडण. दीर म्हणतात सगळ्या पिशव्यांचे पॉइंट धरायचे, नवरा म्हणतो वजा करायचे. कोण बरोबर?

तुमचे मिस्टर बरोबर. भोकात गेली तर ३, फळीवर राहिली तर १, प्रत्येकाला चार पिशव्या, आळीपाळीने टाकायच्या. आठही टाकून झाल्या की दोन्ही बाजूंची बेरीज करायची आणि मोठ्यातून लहान वजा. समजा तुमची एक भोकात, दोन फळीवर म्हणजे ५, दिरांची एक भोकात म्हणजे ३, तर तुम्हाला २ आणि त्यांना काहीच नाही. बरोबरी झाली तर कुणालाच नाही. २१ ला जो आधी पोचेल तो जिंकला. काही घरांत २१ च्या वर गेलं की मागे यायचा नियम असतो तो घरगुती आहे, मला नाही आवडत, डाव उगाच लांबतो. आधी जमिनीला लागून फळीवर उडालेली पिशवी धरायची नाही, ती लगेच उचलायची. आणि तुमची पिशवी दिरांच्या पिशवीच्या धक्क्याने आत पडली तरी ३ तुमचेच!

प्रश्न: विकतचा सेट महाग वाटतो, घरी करता येईल का? सासूबाई शिवणकाम उत्तम करतात.

मग तर घरीच करा. फळी २ फूट बाय ४ फूट, म्हणजे ८ बाय ४ च्या एका प्लायवूडच्या शीटमधून चार फळ्या निघतात, दोन घरं मिळून एक शीट घ्या. भोक ६ इंच व्यासाचं, त्याचा मध्य वरच्या कडेपासून ९ इंचावर आणि दोन्ही बाजूंपासून १२ इंचावर. मागची बाजू जमिनीपासून १२ इंच उंच, पुढची ३-४ इंच. प्लाय पातळ घेऊ नका, अर्ध्या इंचाच्या खाली गेलात तर पिशवी टप्पा खाऊन उडते आणि सगळी मजा जाते, खालून आडव्या पट्ट्या ठोका. वरचा भाग पॉलिशपेपरने चांगला गुळगुळीत करा.

पिशवीसाठी जाड कॅनव्हास, ७ इंचाचे चौकोन कापून अर्धा इंच शिवण धरली की ६ इंच येतात, शिवण दुहेरी घाला म्हणावं सासूबाईंना. आत पूर्वी सुका मका भरायचे, आजही भरता येतो, पण मक्याचा भुगा होतो, ओल लागली की बुरशी, गॅरेजमध्ये ठेवलं की उंदीर. म्हणून आता प्लास्टिकचे बारीक दाणे भरतात आणि मी तेच सुचवेन. चार-चार, दोन रंगांत, आणि प्रत्येक पिशवी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून भरा, वजनात फरक पडला की हात बसत नाही. आवाजाचंही बघा, लाकडावर ठप्प ठप्प बराच होतो, टाऊनहाऊसमध्ये राहत असाल तर रात्री नको.

प्रश्न: मुलगा दहावीत आहे, रोज शाळेतून आला की दोन तास हेच. स्पर्धेत उतरायचं म्हणतो. यात काही भविष्य आहे का की वेळ वाया?

ताई, व्यावसायिक खेळाडू आहेत, बक्षिसांचे पैसे आहेत, आणि रॉक हिल, साउथ कॅरोलायनातल्या विन्थ्रॉप विद्यापीठाने कॉर्नहोल खेळणाऱ्या मुलांना शिष्यवृत्तीसुद्धा दिलीय. पण त्या फार थोड्यांना मिळतात, त्या भरवशावर कॉलेजचं गणित मांडू नका. वरच्या पातळीवर पहिल्या पिशवीने वाट अडवायची, दुसऱ्याची पिशवी ढकलायची की उंचावरून सरळ भोकात टाकायची हा सगळा विचार करावा लागतो, आणि चारही पिशव्या भोकात घालणं तिथे नवलाचं राहत नाही. दोन तास फोनऐवजी अंगणात जात असतील तर मी तरी अडवणार नाही. जवळच्या गावात आठवड्याला लोकल लीग असते का बघा, एकदा त्याला घेऊन जा आणि तुम्ही स्वतः पण खेळा, बहुतेक ठिकाणी नवशिक्यांना वेगळा गट असतो.